पन्नास किलोंची गोणी

सिमेंटचा ट्रक खाली होताना एकदा बारकाईने पाहावं. फाळका सोडलेला असतो, हौद्यात एक जण उभा, खाली तिघे. वरचा माणूस गोणी ओढत कडेला आणतो आणि अर्धी बाहेर काढून धरतो. खालचा ट्रककडे पाठ करून उभा राहतो, गुडघे जरा वाकवतो, आणि गोणी त्याच्या मानेमागे, दोन्ही खांद्यांच्या मधोमध येऊन बसते. दोन्ही हात वर नेऊन तो तिचे कोपरे धरतो आणि निघतो. डोक्यावर रिकाम्या गोणीची खोळ, पावलं आखूड आणि भराभर, जवळजवळ पळतीच. थप्पीपाशी आला की एक खांदा खाली सोडतो. गोणी घसरून नेमकी जागेवर पडते. सोळा टनांच्या गाडीत ३२० गोण्या असतात. चौघांचा हिशेब धरला तर माणशी ८०, म्हणजे चार टन. वाराई उक्ती ठरलेली, त्यामुळे मध्ये टेकायला कुणी थांबत नाही.

बघणाऱ्याला वाटतं, कंबर मोडायची ती इथेच. पण या माणसांची रीत फार शहाणपणाची आहे. ट्रकचा हौदा छातीच्या आसपास असतो, म्हणून गोणी जमिनीवरून उचलावीच लागत नाही. ती पाठीवर येते तेव्हा तिचं वजन कण्याच्या रेषेच्या अगदी जवळ असतं, आणि उतरवताना ते वाकत नाहीत, तिला घसरू देतात. गुडघे झिजतात, मान आखडते, सिमेंटने कातडी फाटते, ते सगळं खरंच. पण कंबरेचा घात बहुतेक वेळा नंतर होतो. चार दिवसांनी थप्पी खालपर्यंत आलेली असते, मिक्सर सुरू असतो, मुकादम ओरडत असतो, आणि एक बिगारी तळातली गोणी एकट्याने ओढून उचलतो. हमालाने ८० गोण्या नेल्या ते सगळ्यांनी पाहिलं. बिगाऱ्याने उचललेली ही एक गोणी कुणाच्याच लक्षात राहत नाही.

त्या एका क्षणाचा हिशेब करण्यासारखा आहे. ५० किलोंच्या गोणीची रुंदी दीड फुटाच्या आसपास. ती जमिनीवर आडवी पडलेली असताना पोटाशी घेता येत नाही, गुडघे मध्ये येतात. त्यामुळे उचलताना तिचा मध्य कंबरेच्या मणक्यांपासून सहज ४० सेंटीमीटर पुढे राहतो. आता हे वजन तोलायचं कुणी? कण्याच्या मागच्या बाजूने उभ्या जाणाऱ्या स्नायूंनी. ते स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटीमीटर मागे असतात. बागेतल्या सीसॉवर एक पोरगं लांब टोकाला बसलंय आणि दुसरं मधल्या खुंटीला खेटून, तसा हा प्रकार. खुंटीजवळच्याने तोल राखायचा तर त्याला आठपट जोर लावावा लागतो. गोणीसाठी ४०० किलो. शिवाय वाकलेल्या माणसाचं स्वतःचं धड, डोकं आणि हात पुढे लटकत असतात. त्यांचे ३५-३७ किलोही याच स्नायूंना पेलायचे. ते धरले तर स्नायूंचा ताण साडेपाचशेच्या घरात जातो. स्नायू मागून खेचतात आणि वजन पुढून खेचतं, तेव्हा मधल्या गादीवर दोन्हींची बेरीज पडते. ढोबळ मानाने ६०० किलोंहून जास्त. गोणीवर मात्र छापलेलं असतं ५०.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संस्थेने, म्हणजे निऑशने, कंबरेच्या गादीवरच्या अशा दाबाची एक मर्यादा धरली आहे: ३,४०० न्यूटन, आपल्या भाषेत साधारण ३५० किलो. त्यापुढे इजेचा धोका वाढत जातो. या संस्थेने वजन उचलण्याचं एक सूत्रही बांधलं. त्याची सुधारलेली आवृत्ती १९९१ ची. त्या सूत्राची सुरुवातच २३ किलोंपासून होते. म्हणजे सगळं मनासारखं असेल तर २३: वस्तू कंबरेच्या उंचीवर, अंगाजवळ, धरायला चांगली मूठ, अंग पिळायला लागत नाही, आणि उचलायची वेळ कधीतरीच. मग एकेक अडचण आली की आकडा कापला जातो. वस्तू लांब आहे, कापा. जमिनीवर आहे, कापा. खांद्यापर्यंत चढवायची आहे, कापा. धरायला मूठ नाही, मिनिटाला एक या वेगाने आठ तास काम आहे, आणखी कापा. आपली गोणी या सूत्रात घातली, मध्य ४० सेंटीमीटर लांब, जमिनीपासून खांद्यापर्यंत, मिनिटाला एक, दिवसभर, तर उत्तर येतं सातच्या आसपास. सात किलो. त्यात अंग पिळून बाजूला टाकायची असेल तर सहा.

हे सूत्र वातानुकूलित गोदामांसाठी केलेलं आहे, आपल्या साइटला कसं लागू पडेल, असं एक इंजिनियर मित्र म्हणतो. त्याचं म्हणणं मला पटत नाही. मणका कुठल्या देशात आहे यावर त्याची ताकद ठरत नाही. उलट आपल्याकडच्या बिगाऱ्याचं वजन ५०-५५ किलो असतं, म्हणजे तो जवळपास स्वतःला उचलत असतो.

गादी बोलत नाही

दोन मणक्यांच्या मधली गादी म्हणजे बाहेरून चिवट तंतूंची अनेक पदरी कडी आणि आत पाणी धरून ठेवणारा मऊ गाभा. कंबरेतल्या शेवटच्या दोन गाद्यांवर सगळ्यात जास्त भार येतो, आणि इजाही बहुतांशी तिथेच होते. या गादीची एक मोठी अडचण आहे. तिच्या गाभ्याला रक्तपुरवठा नाही. लागतं ते पोषण आजूबाजूच्या हाडांमधून झिरपत येतं. म्हणून झालेली झीज भरून यायला फार वेळ लागतो, पुष्कळदा ती भरून येतच नाही. दुसरी अडचण अशी की वेदना कळवणाऱ्या नसा फक्त कडीच्या बाहेरच्या पदरांत आहेत. आतले पदर एकेक करून उसवत असताना माणसाला काहीच कळत नाही. एखाद्या सकाळी तो टोपली उचलायला वाकतो, कंबरेत चमक निघते, आणि सगळ्यांना वाटतं की टोपलीनेच घात केला. गादी त्याआधी वर्षं दोन वर्षं फाटत आलेली असते. गाभा मागे सरकून नसेवर दाबला गेला की कळ ढुंगणातून पोटरीपर्यंत उतरते, पाय बधिर होतो.

सकाळी म्हटलं, त्यालाही कारण आहे. रात्रभर आडवं पडल्यावर गाद्या पाणी शोषून फुगतात. उठतो तेव्हा आपण संध्याकाळपेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उंच असतो. फुगलेली गादी वाकताना जास्त ताणली जाते, म्हणून उठल्यानंतरचा पहिला तास वाकून वजन उचलायला वाईट. साइटवर पालातून उठून चहा घेतला की थेट घमेलं हातात येतं, आणि रोजच्या गाडीतला माल बहुधा सकाळीच उतरतो.

कंबर धरली की पुढे काय होतं तेही ठरलेलं आहे. उसण भरली म्हणून तेल चोळतात, विटकर तापवून शेकतात. पायाळू माणूस शोधून त्याचा पाय कंबरेला लावून घेण्याची चाल अजून गावोगावी आहे, आणि शहरातल्या मजूर वस्तीतही एखादा पायाळू सगळ्यांना ठाऊक असतो. हसण्यासारखं त्यात फारसं काही नाही. कंबरेचं साधं दुखणं बहुतेक वेळा काही दिवसांत ते दोन-चार आठवड्यांत आपोआप उतरतं, त्यामुळे पायाळूला यश येतं, तेलाला येतं, मेडिकलमधून आणलेल्या लाल-पिवळ्या गोळीलाही येतं. गोळीचं यश मला सगळ्यात घातक वाटतं. दुखणं दबतं, माणूस त्याच दिवशी पुन्हा गोणीला हात घालतो.

सुशिक्षितांचे पायाळू वेगळे. एक कंबरपट्टा. मोठ्या साइटवर रुंद काळे पट्टे वाटले जातात, फोटोही निघतात. निऑशने १९९४ मध्येच सांगितलं की निरोगी कामगाराला पट्ट्यामुळे इजा टळते याला पुरेसा आधार नाही. पुढे २००० साली अमेरिकेतल्या दुकान-साखळीच्या नऊ हजारांवर कर्मचाऱ्यांचा अभ्यास वैद्यकीय नियतकालिकात आला. पट्टा वापरणाऱ्यांत आणि न वापरणाऱ्यांत कंबरेच्या दुखण्याचा फरक दिसला नाही. दुसरं म्हणजे ‘योग्य पद्धतीने उचला’ हे प्रशिक्षण: पाठ ताठ, गुडघे वाकवा, वजन पोटाशी. भिंतीवर त्याचं चित्र असतं, आणि त्यात माणसाने हातात घेतलेली वस्तू नेहमी चौकोनी लहान खोकं असते. चित्रात सिमेंटची गोणी मला आजवर दिसलेली नाही, कारण ती गुडघ्यांच्या मध्ये मावत नाही. उचलण्याच्या तंत्राच्या प्रशिक्षणावर झालेल्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेणाऱ्यांनाही त्याने पाठदुखी टळल्याचा पुरावा मिळाला नाही. सल्ला चुकीचा नाही, पण दिवसाला दोनशे वेळा उठाबशा काढणं कुणाच्याही मांड्यांना झेपत नाही. तासाभराने माणूस पुन्हा कंबरेतूनच वाकतो.

चुंबळ

बांधकामावर बाया वजन कमी उचलतात, असा समज असेल तर तो सोडावा. गवंडी बाप्या आणि बिगारी बाई, ही जोडी आपल्याकडे इतकी जुनी आहे की घमेलं म्हटलं की डोळ्यांपुढे बाईच येते. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत आठ-दहा विटा. हातविटेचं वजन तीन किलोंच्या आसपास. भिजवलेली वीट आणखी जड. दहा विटा म्हणजे ३० किलो.

डोक्यावर ओझं नेण्याची रीत शास्त्राच्या दृष्टीने विचित्र गुणी आहे. वजन थेट कण्याच्या रेषेवर येतं, पुढे किंवा मागे काही लटकत नाही, म्हणून कंबरेच्या स्नायूंना ओढून धरावं लागत नाही. वर ज्या सहाशे किलोंचा हिशेब केला, तो इथे उद्भवतच नाही. १९८६ साली ‘नेचर’मध्ये केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांवरचा एक अभ्यास आला होता. स्वतःच्या वजनाच्या एक पंचमांशापर्यंत ओझं असेल तर त्यांना रिकाम्या चालीपेक्षा जास्त शक्ती खर्चावी लागत नाही, असं त्यात दिसलं. लुओ बायका डोक्यावर नेतात, किकुयू कपाळावरून पट्टा घेऊन पाठीवर. पुढच्या काही अभ्यासांत इतकी बचत दिसली नाही, पण त्या निष्कर्षाची चर्चा अजून होते. तो वाचून खूश होणाऱ्यांनी फक्त एवढं पाहावं: ४५ किलोंच्या बाईच्या वजनाचा एक पंचमांश म्हणजे नऊ किलो. तीन विटा.

उरलेल्या सात विटांची किंमत मान देते. मानेतले मणके आणि गाद्या कंबरेच्या मानाने फारच लहान. त्यांचं काम डोक्याचे चार-पाच किलो सांभाळणं. शिवाय धोका चालण्यात कमी आणि चढवण्या-उतरवण्यात जास्त. पाटी भरली की बाई ‘हात लाव गं’ म्हणते, दोघी मिळून ती वर उचलतात, आणि खालून डोकं सारताना क्षणभर सगळं वजन तिरकं असतं. शिडीवर, किंवा फळ्यांच्या उतारावर, मान हलवता येत नाही म्हणून पायाखालचं दिसत नाही. तिथे पाय घसरला की त्याची नोंद ‘पडून जखमी’ अशी होते, ओझ्याचं नाव त्यात येत नाही.

अंग बाहेर येणं ही तक्रार तर कुठल्याच नोंदीत येत नाही. वारंवार जड ओझं उचलताना पोटातला दाब वाढतो. बाळंतपणात सैल झालेले ओटीपोटाचे स्नायू तो झेलू शकत नाहीत आणि गर्भाशय खाली सरकतं. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत कामावर परतणाऱ्या बाईला हा धोका जास्त. मुकादमाला सांगण्यासारखं हे दुखणं नाही. बरोबरीच्या बाईला सांगितलं जातं, ती कापडाची घडी कशी धरायची ते शिकवते, आणि काम चालू राहतं.

विटेसाठी वाकणारा गवंडी

गवंड्याचं ओझं नजरेत येत नाही, कारण तो एका वेळी एकच वीट उचलतो. त्याचं ओझं वेगळं मोजावं लागतं. वीट पायाशी, मसाल्याचं घमेलं पायाशी, भिंत कंबरेच्या वर. विटेमागे तो एकदा वाकतो आणि वर येतो. उचललेली वीट तीन किलोंची, पण तिच्याबरोबर त्याचं धड उचललं जातं ३५ किलोंचं. दिवसाला पाचशे विटा लावल्या तर स्वतःच्याच धडाचे साडेसतरा टन.

हे पहिल्यांदा ज्याने नीट पाहिलं तो स्वतः गवंडी होता. फ्रँक गिलब्रेथ १८८५ साली बॉस्टनला वीटकामात उमेदवारी करायला लागला आणि त्याला दिसलं की शिकवणारे गवंडी वेगवेगळ्या तऱ्हांनी वीट लावतात. पुढे कंत्राटदार झाल्यावर त्याने परांचीच बदलली. गवंडी उभा राहतो त्या फळीपेक्षा विटा आणि मसाला ठेवण्याची फळी वर, आणि भिंत वाढेल तशी सगळी परांची चढवता येणारी. मदतनिसाने विटा आधीच निवडून, चांगली बाजू वर करून मांडून द्यायच्या. वीट लावण्याच्या १८ हालचाली ५ वर आल्या, आणि ताशी १२० विटांचं काम ३५० वर गेलं, असं फ्रेडरिक टेलरने १९११ च्या आपल्या पुस्तकात नोंदलं आहे. टेलरला त्यात उत्पादन दिसलं. कंबर वाचणं हा गिलब्रेथच्या दृष्टीने हेतूचा भाग होता की वाटेत मिळालेला लाभ, यावर वाद घालता येईल. मला त्यातली साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्याने गवंड्याला कसं वाकायचं ते शिकवलं नाही, वीट वर ठेवली. शंभरावर वर्षं झाली, आपल्या साइटवर वीट अजून पायाशीच आहे. एक रिकामा ड्रम आणि त्यावर फळी, एवढंच त्याला लागतं.

बाकीच्या मालाची वजनं कामगारांना पाठ असतात, मालकांना नसतात. सळईचं गणित सोपं आहे: व्यासाच्या मिलिमीटरचा वर्ग भागिले १६२, की मीटरमागे किलो येतात. बारा मीटरचा १६ मिलिमीटरचा बार १९ किलो, २५ चा ४६, आणि ३२ चा ७५ च्या वर. लांब बार दोघांनी खांद्यावर नेला तर पुढचा वळला की मागच्याच्या खांद्याला हिसका बसतो. टोक लवत राहतं ते निराळंच. किचन ओट्याचा ग्रॅनाइट, १८ मिलिमीटर जाड, आठ फूट लांब, दोन फूट रुंद, ७० किलोंच्या आसपास भरतो. तो उभाच न्यावा लागतो, आडवा धरला की मधून तडकतो. म्हणून दगड वाचवण्यासाठी माणसं अडचणीत वळतात. तो निसटला तर बोटं किंवा पायाचा पंजा सुटत नाही, आणि चपलेवर काम करणाऱ्यांच्या बाबतीत पुढचं वर्णन नको. टाइल्सच्या दोन फुटी खोक्याचे २८-३० किलो. १२ मिलिमीटर काच चौरस मीटरला ३० किलो. हलका म्हणून आलेला एएसी ब्लॉक कोरडा असताना खरोखर हलका असतो, आठ इंची जाडीचा साधारण पंधरा किलो. पावसात उघड्यावर राहिला की पाणी पिऊन बराच जड होतो, आणि बिगाऱ्याला मजुरी मात्र कोरड्याच ब्लॉकची मिळते.

पन्नास कुठून आले

माणसाने किती उचलावं याचा आंतरराष्ट्रीय विचार १९६७ साली झाला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने कमाल वजनाचा करार केला, त्यात आकडा नव्हता. सोबतच्या शिफारशीत होता: प्रौढ पुरुषाने नेहमीच्या कामात जास्तीत जास्त ५५ किलो. आपल्याकडे बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि १९९८ च्या केंद्रीय नियमांत मर्यादा आली: पुरुषाला ५५ किलो, बाईला ३०. म्हणजे १९६७ चा ५५ जसाच्या तसा. तो कायदा आता २०२० च्या कामगार संहितेत सामावला आहे. नियमाची खुबी अशी की ५० किलोंची गोणी त्याच्या आत पाच किलो जागा ठेवून आरामात बसते, आणि दहा विटांची पाटी बरोबर ३० वर. नियम वजन विचारतो. कितव्यांदा, किती उंचीवरून, किती जिने, हे तो विचारत नाही.

महाराष्ट्रात ओझ्याचा प्रश्न लढून पुढे आला तो बाजार समित्यांत आणि गोद्यांत. धान्य, साखर यांची पोती १०० किलोंची असत. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केलं, पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत उभी राहिली. १९६९ चा माथाडी कायदा त्या चळवळींतून आला. पोतं ५० वर आणा ही हमालांची मागणी वर्षानुवर्षे चालली. लोखंड बाजारातल्या कामगारांसाठी माथाडी मंडळ आहे. पण तेच लोखंड साइटवर उतरलं की ते उचलणारा नाक्यावरून आणलेला असतो, आज इथे, उद्या दुसरीकडे, आणि मंडळाचं छत्र तिथवर येत नाही.

सिमेंटची गोणी ५० चीच का, याचं एक उत्तर फर्म्यात आहे. ५० किलो सिमेंटचं आकारमान ३५ लिटर, म्हणजे सव्वा घनफुटाच्या आसपास. लहान साइटवर वाळू-खडी मोजायचा लाकडी किंवा पत्र्याचा फर्मा नेमका तेवढाच असतो. एका गोणीला अमुक फर्मे वाळू, तमुक फर्मे खडी. गवंड्याचं सगळं प्रमाण गोणीवर बांधलेलं. ठेकेदाराचा अंदाज गोण्यांत, दुकानदाराचा भाव गोणीमागे. अमेरिकेतली ९४ पौंडांची पिशवीही अशीच एका घनफुटावरून आली. माणसाला किती झेपतं हा प्रश्न या हिशेबात कधी शिरलाच नाही. साठवण्याच्या भारतीय मानकात थप्पी दहा गोण्यांहून उंच करू नये असं म्हटलं आहे, कारण खालच्या गोण्यांतल्या सिमेंटच्या गाठी होतात. तळाची गोणी दाबाने बिघडू नये याची काळजी घेतली गेली. ती तिथून कोण उचलणार याचा विचार झाला नाही.

बाहेर हा आकडा हललेला आहे. ब्रिटनमध्ये हाताने माल हाताळण्याचे नियम १९९२ मध्ये झाले आणि त्या दशकात सिमेंटची पिशवी ५० वरून २५ वर आली. जर्मनीने १९९३ पासून दीर्घकाळ जड ओझी उचलून झालेला कंबरेच्या गादीचा आजार व्यवसायजन्य आजारांच्या यादीत घेतला. त्याचा क्रमांक २१०८. वर्षानुवर्षे किती भार पडला याचा तिथे हिशेब मांडला जातो आणि त्यावर भरपाई ठरते. आपल्या १९२३ च्या भरपाई कायद्यापासून चालत आलेल्या यादीत शिसं आहे, पारा आहे, सिलिकाची धूळ आहे, गोंगाटाने आलेला बहिरेपणाही आहे. ओझ्याने झिजलेला मणका नाही. परांचीवरून पडलेल्याला निदान पंचनामा मिळतो. कंबर गेलेला माणूस काही दिवस नाक्यावर दिसेनासा होतो, मग गावाकडे गेला म्हणतात. ब्राझीलच्या सिमेंट उत्पादकांनी २०१९ मध्ये ५० वरून २५ किलोंवर टप्प्याटप्प्याने येण्याचं मान्य केलं. हवामान, मजुरी, लहान ठेकेदार, सगळ्याच बाबतींत ब्राझील आपल्याला ब्रिटनपेक्षा जवळचा आहे, म्हणून तिथे काय घडतं याकडे लक्ष ठेवायला हवं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो साइटवरूनच येतो: पिशवी २५ ची केली तर गडी दोन-दोन उचलतील. उक्त्या कामात काही जण उचलतीलही. पण तळातली एकच पिशवी वाकून उचलताना, बाईच्या डोक्यावर चढवताना, साठीच्या बिगाऱ्याने मिक्सरमध्ये रिकामी करताना ती २५ चीच राहील. कागद जास्त लागेल, भरायला वेळ जाईल, हेही खरं. तो खर्च गोणीच्या भावात येईल. मोठ्या प्रकल्पांवर हा प्रश्न आधीच मिटत चालला आहे. सिमेंट टँकरने येऊन सायलोत जातं, काँक्रीट पंपाने वर चढतं, आणि स्लॅबच्या दिवशी शिडीवर हातोहात घमेली देणारी माणसांची रांग मोठ्या शहरांत कमी दिसते. गोणी उरली आहे ती बंगल्यांच्या, गावातल्या घरांच्या आणि दुरुस्तीच्या कामांत.

दुरुस्तीच्या कामात ती आपल्या जिन्याने वर जाते. पुण्या-मुंबईच्या पुष्कळ सोसायट्यांत लिफ्टशेजारी पाटी असते: लिफ्टमधून बांधकामाचं साहित्य नेण्यास सक्त मनाई. वाळू, सिमेंट, टाइल्स सगळं पाठीवरून, मजल्यामागे भाव ठरवून. सहा माणसांच्या लिफ्टची क्षमता ४०८ किलो लिहिलेली असते, माणशी ६८ धरून. एक माणूस आणि सहा गोण्या म्हणजे ३६८. लिफ्टला हे जड नाही. सोसायटीचा आक्षेप धूळ, ओरखडे आणि दारात सांडणारी वाळू यांना असतो, आणि तो काही खोटा नाही. काही सोसायट्यांनी त्यावर तोड काढली आहे: आतून प्लायवूड लावून घ्यायचं, सकाळी अकरा ते दुपारी चार ही वेळ ठरवून द्यायची, फ्लॅटवाल्याकडून अनामत घ्यायची आणि काम संपल्यावर लिफ्ट साफ करून दिली की ती परत करायची. पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत हा ठराव बसू शकतो.